लहान खेळाडूंची खेळाची ओढ टिकवायची कशी?

शिट्टीवाला

मी धावण्याच्या शर्यतींसाठी मुलं-मुली तयार करतो. गट साधारण दहा ते चौदा वयाचा. सगळी गुणी आणि वेळेवर येणारी, त्यामुळे अडचण हजेरीची नाहीच. अडचण अशी की पहिल्या वर्षी जी मुलं मैदान सोडायला तयार नसतात, तीच दुसऱ्या वर्षी ‘सर, अजून किती राऊंड?’ विचारायला लागतात. मग एखाद्या स्पर्धेत मागं पडलं की एक जण गळतो, आणि त्याच्या मागोमाग त्याचा मित्र.

कुणाला विचारलं की दोनच सल्ले मिळतात. एक, गोड बोलून चढवा. दुसरा, दम द्या, आपोआप पळतील. दोन्ही सल्ले ‘काय बोलायचं’ याचे. मला वाटतं, मुलाला उद्या परत यावंसं वाटणं हे आपल्या भाषणापेक्षा त्या तास-दीड तासात त्याच्या वाट्याला काय आलं यावर ठरतं. म्हणजे आपण सराव बसवतो कसा, यावर. इथे प्रशिक्षक आहेत, पालक आहेत, स्वतः खेळलेले आहेत. प्रत्यक्ष काय करता ते लिहा. ‘मुलांना समजून घ्या’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

जुना खेळाडू

आम्हाला कुणी ‘मोटिव्हेट’ केलं नाही. सर शिट्टी वाजवायचे, आम्ही पळायचो. उशीर झाला तर जादा राऊंड. त्यातून जे तयार झालो ते झालो. हल्ली म्हणे मुलांना विचारून सराव ठरवायचा. अकरा वर्षांच्या पोराला काय कळतं?

पाटीपेन्सिल

जुना खेळाडू, तुमच्या बरोबर पळणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी किती जण मैदानावर होते? जे टिकले तेच आज आठवणी सांगतात. जे गळले ते या धाग्यावर येणारच नाहीत, त्यामुळे ‘आम्ही घडलो’ हा पुरावा जरा एकतर्फी आहे.

शारीरिक शिक्षण शिकवते, म्हणून या विषयावर थोडं वाचावं लागलं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक मांडणी पुढे आणली, आज खेळातल्या प्रेरणेवरचं बरंचसं संशोधन तिच्यावर उभं आहे. माणूस एखाद्या गोष्टीत आपणहून रमायचा तर तीन गरजा भागाव्या लागतात: हे मी माझ्या मर्जीनं करतोय असं वाटणं, मला हे जमतंय किंवा जमायला लागलंय असं वाटणं, आणि इथली माणसं माझी आहेत असं वाटणं. तिन्हीपैकी एक जरी सुटली तरी ओढ पातळ होते. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे या नजरेनं बघा. बहुतेकदा ‘जमतंय’ हेच सुटलेलं असतं. पहिल्या वर्षी वेळ झपाझप सुधारते, नंतर सुधारणा मंदावते, आणि ती मंदावणार आहे हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

आता मर्जीबद्दल. मुलांना विचारून सराव ठरवा असं कुणीच म्हणत नाही. जिनेव्हिएव्ह माजो आणि रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ मध्ये प्रशिक्षक-खेळाडू नात्यावर लिहिलं त्यात ‘मर्यादेच्या आत निवड’ असं आहे. आज तीन गोष्टी करायच्या आहेत हे मी ठरवणार, कुठली आधी करायची ते तुम्ही ठरवा. किंवा शेवटची शर्यत रिले हवी की पाठलागाची, ते गटानं सांगायचं. शिवाय कारण सांगायचं. ‘गुडघे वर घ्या’ एवढंच न म्हणता ‘गुडघा वर आला की पाय शरीराच्या खाली पडतो, पुढे पडत नाही, म्हणून ब्रेक लागत नाही’. याला चार सेकंद जास्त लागतात. आणि कंटाळवाणं काम कंटाळवाणं आहे हे कबूल करायचं. ‘मजा येईल’ म्हणून दोरीवरच्या उड्या विकल्या की पोरं ओळखतात.

शिट्टीवाला

सुधारणा मंदावणार हे आधी सांगायचं, हा मुद्दा घेतला. पण सांगायचं कसं? ‘पुढच्या वर्षी तू एवढा सुधारणार नाहीस’ हे ऐकून तर उत्साहच मावळेल.

पाटीपेन्सिल

घड्याळाशिवाय आणखी काही मोजायला द्यायचं. स्टार्टनंतरच्या पहिल्या दहा पावलांत डोकं खाली राहिलं का, रिलेत बॅटन न थांबता दिलं गेलं का, शेवटच्या टप्प्यात खांदे कानाकडे चढले का. हे मुलाच्या हातात असतं. बाजूच्या लेनमध्ये कोण येतंय हे त्याच्या हातात नसतं. पहिल्या वर्षापासूनच ही सवय असेल तर घड्याळ अडलं तेव्हा मुलाकडे दाखवायला काहीतरी उरतं.

गोलपोस्ट

फुटबॉल शिकवतो. माझं म्हणणं थोडक्यात: रांगा मोडा.

एकदा स्टॉपवॉच घेऊन फक्त एका मुलाकडे बघा. सबंध सरावात तो प्रत्यक्ष हलतो किती आणि आपली पाळी येण्याची वाट बघत उभा किती राहतो. बारा मुलं, एक चेंडू, एक गोल, म्हणजे प्रत्येकाला मिनिटाला एखादा स्पर्श. मग ती ढकलाढकली करतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष कशावर देणार? समोरच्याच्या पाठीवर?

मी मैदानाचे छोटे चौकोन करतो, तीन विरुद्ध तीन. नियम बदलत राहतो: गोल करण्याआधी तिघांनीही चेंडूला पाय लावायचा, किंवा डाव्या पायाचा गोल दोन गुणांचा. शिकवणं नियमातच लपलेलं असतं. १९८२ मध्ये इंग्लंडात बंकर आणि थॉर्प या दोघांनी हेच मांडलं होतं: आधी सुट्या कौशल्याचा सराव आणि खेळ नंतर, हा क्रम उलटा करा. आधी खेळ, त्यात अडचण येऊ द्या, मग त्या अडचणीपुरतं कौशल्य. अडचण स्वतः भोगलेली असली की मुलं पास शिकवा म्हणून मागे लागतात. धावण्यात हे कसं बसवायचं ते तुम्ही बघा, पण पकडापकडी आणि रिलेचे प्रकार भरपूर आहेत.

नळाखालची बादली

पालक आहे. मुलगी बॅडमिंटन खेळते. घरी आम्ही तक्ता केलाय, सरावाला गेलं की स्टार, ठरावीक स्टार झाले की तिला आवडेल ते बक्षीस. तिचे सरही महिन्याचा उत्तम खेळाडू निवडतात. हे चूक आहे का? इथलं वाचून धाकधूक वाटायला लागली.

पाटीपेन्सिल

धाकधूक नको, पण एक प्रयोग सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना मुळातच चित्र काढायला आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं तर पहिल्या गटातली मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नव्हती. घोळ बक्षिसात नाही, ‘हे केलंस तरच ते’ या सौद्यात आहे.

मुलगी आपणहून जात असेल तर तक्ता हळूहळू बंद करा. जात नसेल तर तक्त्यानं सुरुवात होऊ शकते, पण का जात नाही हे आधी बघा. महिन्याचा उत्तम खेळाडू या प्रकाराबद्दल मात्र मी ठाम आहे: लहान गटात नको. एक खूश, बाकी सगळ्यांना दर महिन्याला कळतं की आपण नाही. आणि बहुतेकदा तो मान जातो वर्गात सगळ्यात आधी उंच झालेल्या मुलाला.

जुना खेळाडू

मग कौतुक करायचंच नाही का? खोटं कौतुक मला अजिबात पटत नाही, हे मान्य. परवा एका सामन्यात चेंडू पायाखालून गेला तरी ‘छान, छान!’ चाललं होतं. पोरगा ओशाळला होता.

पाटीपेन्सिल

इथे आपण दोघं एका बाजूला. सोप्या गोष्टीवर भरमसाट शाबासकी दिली की मोठी होत चाललेली मुलं उलट अर्थ काढतात: सरांना माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे. कशाचं कौतुक, हेही बघावं लागतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ म्हटलेली मुलं पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली, ‘मेहनत घेतलीस’ म्हटलेली जास्त टिकली. (पुढे यावर उभारलेल्या शालेय उपक्रमांचा परिणाम सरासरीनं लहानच निघाला, तेव्हा हा रामबाण समजू नका.) मैदानावर मी इतकंच पाळते: जे पाहिलं ते बोलायचं. ‘मागून येणारी दिसली तरी तू वळून बघितलं नाहीस’ हे वाक्य ‘वेल डन’च्या दहापट कामाचं.

बदली खेळाडू

वाचतेय. जुना खेळाडू आणि पाटीपेन्सिल सहमत झाले, धागा कुठल्या दिशेला चाललाय!

चुना आणि रेघा

माझा मुद्दा दमदाटीबद्दल. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक मैदानावर बसून न्याहाळले, त्यांची प्रत्येक कृती नोंदवली, आणि नंतर मुलांना विचारलं. दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. मुलांना प्रशिक्षक आवडतो की नाही याचा संघ किती सामने जिंकला याच्याशी संबंध दिसला नाही. फक्त जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना वाटत होतं की आपल्या आई-वडिलांना सर जास्त आवडतात आणि सरांनाही आपण जास्त आवडतो! म्हणजे जिंकण्याची किंमत मुलं मोठ्यांच्या डोळ्यांत वाचतात.

दुसरी अशी, की आपण काय करतो याबद्दल प्रशिक्षकांचा स्वतःचा अंदाज बराच चुकत होता. मुलांचं वर्णन नोंदींशी जास्त जुळत होतं. म्हणून जो म्हणतो ‘मी फार ओरडत नाही’ त्यानं सहकाऱ्याला एक दिवस बाजूला बसवून रेघोट्या ओढायला सांगाव्यात. चूक झाल्यावर ओरडलो किती वेळा, उपाय सांगितला किती वेळा, धीर दिला किती वेळा. तीन रकाने पुरतात.

पुढे त्यांनी प्रशिक्षकांना काही तासांचं मार्गदर्शन दिलं. सूत्र साधं: चांगल्या प्रयत्नाची दखल लगेच, चुकीनंतर आधी धीर मग उपाय, आणि टोचून बोलणं बंद. १९९२ मध्ये बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ यांनी पुढच्या हंगामाचे आकडे छापले. मार्गदर्शन घेतलेल्यांच्या संघांतून ५ टक्के मुलं गळली, न घेतलेल्यांच्या संघांतून २६ टक्के. आणि दोन्हींकडचं जिंकणं-हरणं साधारण सारखंच होतं.

जुना खेळाडू

हे आकडे विचार करण्यासारखे आहेत, नाकारत नाही. पण शिस्त? उशिरा येणाऱ्याला मी काय हात जोडू?

चुना आणि रेघा

शिस्त हवीच. नियम कमी, आधी ठरलेले, आणि सगळ्यांना सारखे, अगदी तुमच्या स्टार खेळाडूलाही. फक्त राऊंड ही शिक्षा नको. धावणं शिकवणाऱ्यानं धावणं हीच सजा करायची म्हणजे मुलाला काय शिकवलं आपण? उशिरा आला तर त्या दिवशीच्या पहिल्या खेळात त्याला जागा नाही, बाजूला थांबून गुण मोजायचे. खेळायला न मिळणं त्याला जास्त लागतं.

शेवटची लेन

मी पोहायचे. पंधराव्या वर्षी सोडलं. पाणी आजही आवडतं, स्पर्धा नको झाली. त्यात सरावाचा वाटा कमी आणि घरी परततानाच्या गाडीचा जास्त. शर्यत संपून केस वाळायच्या आत विश्लेषण सुरू. टर्न कसा चुकला, अमकी कशी पुढे गेली. वडील प्रेमानंच बोलायचे, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की आजचा दिवस चांगला होता की वाईट हे घड्याळानं आधीच ठरवलंय.

प्रशिक्षकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पालकांची बैठक घ्यावी आणि हे स्पष्ट सांगावं: खेळाचं विश्लेषण आमचं काम. गाडीत मुलानं विषय काढला तर ऐका, नाहीतर दुसरं काहीही बोला. काठावरून सूचना देणंही बंद. एका कानात प्रशिक्षक, दुसऱ्यात वडील, पोहणार कोणाचं ऐकून?

नळाखालची बादली

गाडीबद्दल वाचून पोटात गोळा आला. आजपासून बंद. (तक्ताही.)

गोलपोस्ट

अवांतर: मजा म्हणजे नेमकं काय, यावर अमांडा व्हिसेक यांचं काम वाचण्यासारखं आहे, २०१५ मध्ये छापलं गेलं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांकडून, पालकांकडून आणि प्रशिक्षकांकडून मजेची कारणं गोळा केली, ८१ निघाली. वरच्या बाजूला जोर लावून खेळणं, खिलाडूपणा, चांगलं शिकवणारे सर. ‘जिंकणं’ ४८ व्या क्रमांकावर. म्हणजे जिंकायला आवडत नाही असं नाही, पण त्याच्या आधी रांगेत बरंच काही आहे.

शिट्टीवाला

सगळे प्रतिसाद वाचतोय. एक प्रसंग मांडतो. तेरा वर्षांची एक मुलगी, गेल्या वर्षी गटात सर्वात वेगवान. या वर्षी उंची भराभर वाढली आणि वेळ मागे गेली. चाल विस्कटली. तिला वाटतंय की आपल्यातली चमक संपली. आई म्हणते लक्ष उडालंय.

चुना आणि रेघा

लक्ष उडालेलं नाही, हाडं पुढे गेलीत. उंची सर्वात वेगानं वाढण्याचा काळ मुलींत सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांत चौदाव्याच्या. पण एकाच वयाच्या दोन मुलांत दोन-तीन वर्षांचाही फरक असतो. हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं, ताकद त्याहूनही मागून. जुन्या पायांसाठी बसवलेली चाल नव्या पायांवर बसत नाही. हे तिला आणि आईला एकत्र बसवून सांगा, शक्य तर भिंतीवर दर महिन्याची उंची लिहून दाखवा. या काळात वेळा नोंदवणं कमी करा, तंत्र आणि समतोलाचं काम वाढवा, उड्या आणि एकूण भार आटोक्यात ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखत असेल तर ‘सहन कर’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा, या वयात वाढीच्या जागी ताण येतो.

याची दुसरी बाजूही बघा. लवकर वाढलेला मुलगा बारा वर्षांचा असताना सगळ्यांना हरवतो आणि आपण त्याला गुणवान म्हणतो. वयोगट ज्या तारखेपासून मोजतात तिच्यानंतर लगेच जन्मलेल्यांचंही तसंच, ते गटात वयानं सर्वात मोठे असतात. कॅनडातल्या आइस हॉकीत हे १९८५ मध्ये दाखवलं गेलं: वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. मोठा दिसतो म्हणून निवडला, निवडला म्हणून सराव जास्त मिळाला, सराव मिळाला म्हणून पुढे गेला. आणि चौदाव्या वर्षी बाकीचे उंचीत त्याला गाठतात तेव्हा सर्वात आधी मोडतो तोच, कारण हरायची सवयच नसते.

जुना खेळाडू

हे मात्र डोळ्यांनी बघितलंय. असे दोन-तीन चेहरे लगेच समोर आले.

बदली खेळाडू

मग लहान वयात स्पर्धाच नको का? नॉर्वेत म्हणे निकालच लावत नाहीत.

पाटीपेन्सिल

स्पर्धा आहेत. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७ मध्ये लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले, २००७ मध्ये सुधारले. अकराव्या वर्षाआधी निकालांच्या याद्या आणि क्रमवारी नाही, राष्ट्रीय अजिंक्यपदं तेराव्या वर्षापासून पुढे. शर्यत लागते, मुलांना कोण पहिलं आलं ते कळतंच, फक्त मोठी माणसं त्याचा तक्ता करून भिंतीवर लावत नाहीत. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याच देशानं १६ सुवर्णपदकं घेतली. नियमांमुळेच घेतली असं म्हणणार नाही, बर्फ, सुबत्ता, मोकळा वेळ असं बरंच काही त्यामागे आहे. पण क्रमवारी नसल्यानं मुलं मऊ पडतात, हा धाक तरी टिकत नाही.

शेवटची लेन

एकाच खेळाला लवकर जुंपणं यावरही कुणीतरी लिहा ना.

चुना आणि रेघा

थोडक्यात: खेळाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक जाँ कोते यांच्या मांडणीत सहा ते बारा हा अनेक खेळ चाखण्याचा काळ आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं की बहुतेक खेळांत एकाच खेळावर भर पंधरा-सोळा वयापर्यंत लांबवावा, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी, आणि वर्षात एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत, मुख्य खेळापासून दूर राहावं. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत लवकर सुरुवात होते, त्यांचं गणित वेगळं.

शिट्टीवाला

शेवटचा प्रश्न, सध्या तोच डोक्यात आहे. रिलेचा संघ निवडायचाय. चार जणी धावणार, दोघी राखीव, बाकीच्या घरी. यादी फळ्यावर लावायची आणि आपण निघून जायचं, अशीच पद्धत पाहत आलोय.

पाटीपेन्सिल

निकष आधी सांगा, चाचणीच्या दिवशी नाही, काही आठवडे आधी. बॅटन देवाणघेवाण, वेळ, हजेरी, जे असेल ते. आणि यादी लावण्याआधी न निवडलेल्या प्रत्येकीशी स्वतः बोला, एकटीशी. तीन गोष्टी पुरेत: तू या वेळी संघात नाहीस, कारण हे, आणि पुढची चाचणी अमक्या महिन्यात, तोवर आपण दोघं या एका गोष्टीवर काम करू. ‘पण तू खूप छान आहेस’ जोडू नका. रडली तर रडू द्या.

जुना खेळाडू

आणि पालक बाजूलाच उभे असतील तर?

पाटीपेन्सिल

आधी मुलीशी. पालकांना फाटकापाशी थांबायला सांगायचं, आणि नंतर त्यांच्याशी बोलताना मुलगी समोर हवी, म्हणजे तिला जे सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं जाईल.

गोलपोस्ट

राखीव दोघींनाही चाचणीच्याच दिवशी सांगा की त्यांना कुठल्या शर्यतीत उतरवणार. तारीख आणि शर्यत नक्की करून. नुसतं ‘बघू’ म्हटलं की त्या दोघी पुढच्या महिन्यात येत नाहीत.